अभ्यासाला बसलं की धडधड, उठलं की बरं: आधी मन शांत करायचं की आधी बसायचं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २७ वर्षांचे आहात, पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करताय, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलात आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं. गेले काही महिने अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधड सुरू होते, तळहात गार पडतात. उठून खाली चहाला गेलात की बरं वाटतं. क्लासचे एक सर म्हणतात थोडा ताण हवाच, त्याशिवाय पोस्ट निघत नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकात मात्र तुम्ही वाचलंत की ताणाने शरीर थकून कोलमडतं. त्याच पुस्तकात एक जण सांगतो की आधी शरीर हलतं आणि मग भीती वाटते, दुसरा सांगतो की दोन्ही एकदमच होतं. मोटिव्हेशनल व्हिडिओंचा जोश तासाभरात उतरतो. घरून फोन आला की तुम्ही 'छान चाललंय' म्हणता. आणि प्रश्न असा की यातली कोणती थिअरी खरी, आणि आधी मन शांत करायचं की आधी मोटिव्हेशन आणायचं.

मला तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य चहाचं वाटलं. धडधड वाढली की तुम्ही उठता आणि उठलात की ती उतरते. हे रोज पाच-सहा वेळा होत असेल तर काही आठवड्यांत शरीर एक गोष्ट पक्की शिकतं: सुटका हवी असेल तर उठायचं. होबार्ट मॉवरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात टाळण्याची हीच साखळी उलगडून दाखवली होती. भीती एखाद्या जागेला चिकटली की ती जागा सोडल्यावर मिळणारा आराम हेच बक्षीस होऊन बसतं, आणि ज्या कृतीला बक्षीस मिळतं ती वाढत जाते. खुर्चीत बसून राहिलं तर पुढे नेमकं काय होतं हे आपल्याला कधी कळतच नाही, कारण ते कळायच्या आत आपण निघालेले असतो. म्हणून 'मन शांत झालं की बसेन' हा बेत तुमच्या बाबतीत उलटा पडतोय. शांत होण्यासाठी जे करताय, त्यानेच पुढची धडधड तयार होतेय.

पुढे जाण्याआधी एक-दोन गोष्टी तपासून घ्या, कारण माझं सगळं उत्तर त्यांवर अवलंबून आहे. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. धडधड झोपेतही होत असेल, जिना चढताना दम लागत असेल, चक्कर येत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, तर आधी फिजिशियनकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि एक ईसीजी, एवढ्याने बरंच काही स्पष्ट होतं. माझ्याकडे तयारी करणारी मुलं-मुली येतात तेव्हा हे झालंय का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते. दुसरं, दिवसाला किती चहा-कॉफी होते ते मोजा. कॅफिनचा अर्धा अंमल उतरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेली कॉफी रात्री अकरालाही निम्मी अंगात असते, झोप मोडते, आणि सकाळी जाग येण्यासाठी पुन्हा चहा लागतो. धडधड कमी करायला तुम्ही जे प्यायला जाता, तेच धडधड वाढवणारं आहे, हे लक्षात आलंय का?

तिसरं थोडं गंभीर. सकाळी उठावंसंच वाटत नसेल, कशातच रस उरला नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर हे उत्तर इथेच थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, पण लिहिलेल्यावरून सगळंच दिसतं असं नाही.

आता थिअरीकडे येऊ. तुमच्या पुस्तकातले 'आधी शरीर' म्हणणारे विल्यम जेम्स. त्यांनी १८८४ मध्ये भावनेचा नेहमीचा क्रमच उलटा केला. अस्वल दिसलं, भीती वाटली, म्हणून पळालो, असं आपण म्हणतो. जेम्स म्हणाले, अस्वल दिसलं की शरीर आधी प्रतिसाद देतं आणि त्या प्रतिसादाची जाणीव हीच भीती. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लँग यांनी स्वतंत्रपणे जवळपास तेच मांडलं, म्हणून पुस्तकांत दोघांची नावं जोडीने येतात. १९२७ मध्ये 'दोन्ही एकदमच' म्हणणाऱ्या वॉल्टर कॅनन यांनी यावर घाव घातला. त्यांचा मुख्य मुद्दा तुमच्या कामाचा आहे: भीतीत हृदय धडधडतं, रागात धडधडतं, ताप आला तरी धडधडतं. मग नुसत्या धडधडीवरून कोणती भावना आहे हे कसं ठरणार? त्याच्या तीन वर्षं आधी स्पेनमधले डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन यांनी लोकांना धोक्याच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन पाहिलं होतं. बऱ्याच जणांनी सांगितलं की 'जणू काही' भीती वाटतेय. शरीरात सगळं भीतीसारखं चाललं होतं, पण घाबरावं असं समोर काही नव्हतं.

हा 'जणू काही' धरूनच १९६२ मध्ये स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांचा गाजलेला प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना सांगितलं की हे एक व्हिटॅमिन आहे, नजरेवर त्याचा काय परिणाम होतो ते बघायचंय. प्रत्यक्षात दिलं अ‍ॅड्रेनॅलिन. काहींना खरं सांगून ठेवलं की छाती धडधडेल, हात थरथरतील, काहींना काहीच सांगितलं नाही. मग प्रत्येकाला अशा माणसासोबत बसवलं जो मुद्दाम मजा करत होता, कागदी विमानं उडवत होता, किंवा मुद्दाम चिडचिड करत होता. ज्यांना आपल्या धडधडीचं कारण माहीत होतं, त्यांच्यावर शेजारच्याचा असर कमी झाला. बाकीचे त्याच्याकडे बघून आपल्याला काय होतंय ते ठरवत होते. प्रयोगाचे आकडे फार भक्कम नव्हते. १९७९ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी, आणि गॅरी मार्शल व फिलिप झिम्बार्डो यांनी, तो पुन्हा करून पाहिला तेव्हा मूळ निष्कर्ष तसाच्या तसा आला नाही. पण त्यांतून जे निघालं ते मला मूळ प्रयोगाहून जास्त उपयोगी वाटतं. कारण न समजलेली धडधड माणसं सहसा आनंदाच्या खात्यात टाकत नाहीत. काहीतरी वाईट आहे, याच बाजूला ती कलतात.

तेव्हा जेम्स बरोबर की कॅनन, याचा निकाल लावायची तुम्हाला गरज नाही. परीक्षेत विचारलं तर दोघांचंही लिहा. रोजच्या वापरासाठी एवढं पुरे की धडधड दारावरच्या बेलसारखी असते: कोणीतरी आलंय एवढंच ती सांगते, कोण आलंय ते दार उघडल्यावर कळतं. तुम्ही बेल वाजली की मागच्या दाराने बाहेर पडताय. पर्याय म्हणून मी लोकांना एक अगदी कोरडं काम देते. धडधड सुरू झाली की वहीच्या कोपऱ्यात तिची कारणं लिहायची: 'दोन चहा, पाच तास झोप, शेजारच्याने टेस्ट सिरीजचे मार्क सांगितले, उद्या इकॉनॉमी.' धीर देणारी वाक्यं लिहायची नाहीत, फक्त कारणं. शॅक्टरच्या ज्या गटाला आधी सगळं सांगून ठेवलं होतं, त्या गटात जाऊन बसण्याचा हा घरगुती मार्ग आहे. 'मी घाबरलो नाही, मला उत्साह वाटतोय' असं स्वतःला म्हणण्याचाही एक उपाय आहे. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये गाणं, भाषण आणि गणित या तिन्हींत त्याचा फायदा दाखवला. मुलाखतीच्या आधीच्या दहा मिनिटांसाठी तो वापरा. तीन वर्षांच्या तयारीवर तो पुरा पडेल असं मला वाटत नाही, आणि रोज सकाळी अभ्यासिकेच्या जिन्यात ते वाक्य म्हणणारी माणसं आठवड्याभरात त्या वाक्यालाच कंटाळतात.

आता ताण चांगला की वाईट, हा वाद. तुमच्या सरांचं म्हणणं ज्या उलट्या 'यू'च्या आलेखावर उभं आहे (ताण वाढला की कामगिरी आधी वाढते, मग घसरते) त्याचं मूळ १९०८ मध्ये आहे, आणि तिथे माणूस नाहीच. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. पेट्यांमधला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोरदार तितकं शिकणं लवकर झालं. प्रकाश कमी करून फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मधल्या जोराचा झटका सगळ्यात उपयोगी ठरला. 'ताण आणि कामगिरी' असं नाव देऊन हा आलेख प्रशिक्षणांच्या स्लाइडवर नंतरच्या लोकांनी चढवला. त्यावर 'माझा ताण सध्या कुठल्या बिंदूवर आहे' हे कोणालाच शोधता येत नाही, म्हणून मी तो वापरत नाही. त्यातला अर्धा भाग मात्र अनुभवाला धरून आहे. सोप्या, पाठ असलेल्या कामाला दडपण चालतं, अवघड कामाला ते लवकर नडतं. चालू घडामोडींची उजळणी धडधडत्या छातीनेही होते. पंधरा गुणांचं उत्तर रचायला बसलात की होत नाही. त्यामुळे दिवसाची मांडणी करताना अवघड लिखाण कधी आणि उजळणी कधी, हे तुमच्या शरीराकडे बघून ठरवा, अभ्यासिकेतल्या शेजाऱ्याचं वेळापत्रक बघून नको.

'ताण मारतो' हे तुम्ही हान्स सेली यांच्याकडून घेतलंय. माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या सेलींनी १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, अति व्यायाम द्या, औषध टोचा, शरीरात तेच बदल दिसतात: अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, शेवटी थकवा, हे तीन टप्पे तिथलेच. मात्र तो शेवटचा टप्पा सततच्या, तीव्र आणि सुटका नसलेल्या माऱ्याचा आहे. अभ्यासिकेत दिवसातून पाच वेळा छाती धडधडली म्हणून तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर पोहोचलात असा अर्थ काढू नका. हा अर्थ काढूनच कित्येकांची धडधड दुप्पट होते.

सेलींच्या मांडणीतली एक मोठी उणीव जॉन मेसन यांनी दाखवली, आणि तीच मला तुमच्यासाठी सगळ्यात कळीची वाटते. मेसन यांनी माकडांना उपाशी ठेवलं. सेलींच्या हिशोबाने उपासमार म्हणजे ताण, तेव्हा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढायला हवं. शेजारच्या माकडांना खायला मिळतंय आणि आपल्याला नाही, असं दिसत होतं तेव्हा ते वाढलंही. पण पोषण नसलेल्या, नुसत्या चवीच्या गोळ्या देऊन आणि बाकीच्यांपासून वेगळं ठेवून उपाशी ठेवलं, तेव्हा ती वाढ दिसली नाही. पोट दोन्हीकडे रिकामंच होतं. तुमचा टेलिग्राम ग्रुप डोळ्यांसमोर आणा, जिथे अ‍ॅन्सर की आल्यावर पंधरा मिनिटांत प्रत्येकाचा स्कोअर येतो. मी 'मोबाइल फेकून द्या' म्हणणाऱ्यांतली नाही, कारण जाहिरात, तारीख, बदल, सगळं तिथेच कळतं. पण स्कोअर टाकणारा ग्रुप वेगळा आणि सूचनांचा ग्रुप वेगळा, एवढं करता येतं.

दुसरा धागा अंदाज लागण्याचा. १९७०च्या सुमारास जे वाइस यांनी उंदरांना सारख्याच जोराचे झटके दिले. काहींना आधी इशारा मिळत होता, काहींना नाही. इशारा नसलेल्यांच्या पोटात व्रण बरेच जास्त आढळले. झटका तोच, फक्त तो कधी येणार हे माहीत नव्हतं. राज्यसेवेची तयारी करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेच्या तारखेवर आली, पुण्यात शास्त्री रस्त्यावर आंदोलन झालं, परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. तारीख पुढे गेल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. नंतर येतो तो तारीख नसण्याचा ताण, आणि त्या महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्यांची झोप परीक्षेच्या आदल्या आठवड्यापेक्षाही वाईट असते. यावर तुमचं नियंत्रण शून्य आहे. आपल्या आठवड्याची तारीख मात्र आपण बांधू शकतो: शनिवारी सकाळी नऊला स्वतःची चाचणी, परीक्षा पुढे गेली तरी, ढकलली तरी. आयोगाची तारीख हलली म्हणून तुमचा शनिवार हलता कामा नये.

सेलींनंतर ताणाचा विचार ज्यांनी सगळ्यात जास्त बदलला ते रिचर्ड लाझरस. सुझन फोकमन यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ १९८४चा. त्यांच्या मते प्रसंग आला की मन दोन हिशोब करतं. यात माझं काय पणाला लागलंय, आणि याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे. पहिल्याची रक्कम दुसऱ्यापेक्षा मोठी निघाली की तो ताण. १९८५ मध्ये याच दोघांनी कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना एकाच परीक्षेच्या तीन टप्प्यांवर विचारलं: परीक्षेआधी, परीक्षा झाल्यावर पण गुण कळायच्या आधी, आणि गुण कळल्यावर. आधीच्या टप्प्यात बहुतेकांना भीती आणि उमेद दोन्ही एकत्र वाटत होत्या. तेव्हा लोक अभ्यासावर, माहितीवर, बेतावर भर देत होते. गुणांची वाट बघताना तो भर घसरला आणि विषयापासून मन लांब ठेवणं वाढलं.

यातून मी दोन गोष्टी घेते. एक, भीती असूनही उमेद असू शकते, म्हणून भीती जाण्याची वाट पाहायची गरज नाही. दोन, कोणता उपाय योग्य हे तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात यावर ठरतं. परीक्षेआधी 'जे व्हायचं ते होईल' म्हणून मन लांब नेणं महागात पडतं. मुख्य परीक्षा देऊन झाल्यावर निकालाची वाट बघताना मात्र तेच शहाणपणाचं असतं. नेमकं उलटं करणारे मी बरेच पाहते. आधी सिनेमा आणि चहा, नंतर तीन महिने कट-ऑफचे अंदाज.

आता मोटिव्हेशन. इथे अल्बर्ट बँड्युरा यांना पुढे आणते, कारण वरची धडधड आणि खालचा कंटाळा त्यांच्याकडे एकत्र येतात. 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो याची चार मुळं त्यांनी १९७७ मध्ये सांगितली. स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, दुसऱ्याने पटवून देणं, आणि स्वतःच्या शरीराची अवस्था. यांत सगळ्यात दणकट पहिलं. तुमचे व्हिडिओ तिसऱ्यात बसतात, आणि फार तर दुसऱ्यात. पण दुसरं लागू पडायला समोरचा आपल्यासारखा वाटावा लागतो. पहिल्या प्रयत्नात उपजिल्हाधिकारी झालेला माणूस तिसऱ्या प्रयत्नात अडकलेल्या माणसाला आपल्यासारखा वाटत नाही. म्हणून जोश उतरतो. तुमच्या इच्छाशक्तीत त्यात काही खोट नाही.

चौथ्या मुळाकडे जरा नीट बघा. छाती धडधडली की तुम्ही ती 'मला जमणार नाही' याचा पुरावा म्हणून धरता, आणि त्या पुराव्यावर उठता. उठल्यामुळे त्या दिवशीचं एक उत्तर लिहायचं राहतं, म्हणजे पहिलं मूळही सुकतं. भावनेचा, ताणाचा आणि मोटिव्हेशनचा असे तीन वेगळे प्रश्न घेऊन तुम्ही आलात. मला तिन्ही ठिकाणी तीच धडधड आणि तिचा तोच एक अर्थ दिसतोय.

बक्षिसांबद्दलही विचारलंत: टार्गेट पूर्ण झालं तर बिर्याणी, असं ठेवू का. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना सोमा नावाची कोडी सोडवायला दिली. एका गटाला प्रत्येक सुटलेल्या कोड्याला एक डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्याला हात लावणं त्या गटात कमी झालं. आवडीने करत होते ते पैशाने करायचं काम झालं. पण हे आधीच आवडणाऱ्या कामाबद्दल आहे. पंचायत राजच्या कलमांची उजळणी कोणी हौसेने करत नाही, तिथे बिर्याणी खुशाल ठेवा. वाचायला मुळात आवडणारा एखादा विषय असेल, तुमच्या लिहिण्यावरून इतिहास वाटतो, तर त्याच्यावर बक्षीस लावू नका. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे जो स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत बांधला त्यात तीन गरजा आहेत: आपलं आपण ठरवलं असं वाटणं, जमतंय असं वाटणं, आणि कोणाशी तरी जोडलेलं असणं. पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत बसून पाहिलं तर तिन्हींची उपासमार दिसते. वेळापत्रक क्लासचं, जमल्याचा पुरावा वर्षातून एकदा, आणि घरच्यांशी बोलणं 'छान चाललंय'वर संपतं. असा माणूस आळशी झालाय असं मला म्हणवत नाही.

आता तुमच्यासोबत बसले असते तर काय सांगितलं असतं ते. पहिले दोन आठवडे अभ्यासाचे तास मोजायचे नाहीत. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटं खुर्चीत बसायचं, आणि धडधड शिगेला असताना उठायचं नाही. पुस्तक वाचलं गेलं नाही तरी चालेल, डोळे उघडे ठेवून बसा, कारणं वहीत लिहा, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. धडधड चढते, थांबते आणि आपोआप उतरते. ती उतरल्याशिवाय उठायचं नाही, मग ती सोळाव्या मिनिटाला उतरो की चाळिसाव्या. पहिले तीन-चार दिवस त्रास जास्त वाटेल, तो अपेक्षित आहे. चहा दोन, दुपारी दोननंतर नाही. एकदम बंद केलात तर डोकं दुखेल, म्हणून आठवडाभरात उतरवत आणा.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक बैठकीत एक छोटं लिखाण, इतकं छोटं की न जमणं कठीण व्हावं. आधी उत्तराची प्रस्तावना, मग फक्त मुद्दे, मग पूर्ण उत्तर. बँड्युरांचं पहिलं मूळ हेच. 'उद्या जोरात अभ्यास करेन' असा संकल्प नको. 'मेसवरून आलो की बॅग न उघडता आधी वही उघडेन' असा जागेला आणि वेळेला बांधलेला बेत करा. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात असे 'अमुक झालं की तमुक करेन' या धाटणीचे बेत नुसत्या संकल्पांपेक्षा जास्त पार पडलेले दिसतात. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढण्याचा उपायही तुम्ही ऐकला असेल. २०११च्या मूळ प्रयोगात तो चांगला ठरला होता, मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आला नाही. काहींना बरं वाटतं म्हणून मी अडवत नाही, पण भरवसा त्यावर ठेवू नका.

एका बाबतीत मात्र मी मानसशास्त्र थोडं मागे सारते. तुमचा ताण पूर्णपणे मनाचा खेळ नाही. वय वाढतंय, घरून पैसे येतायत, बहिणीचं लग्न थांबलंय असं तुम्ही लिहिलंत. लाझरसच्या भाषेत पहिल्या हिशोबाची रक्कम खरोखरच मोठी आहे, आणि विचार बदलून ती लहान होणार नाही. ती लहान करायचे मार्ग व्यवहाराचे असतात: अर्धवेळ काम, दुसऱ्या एखाद्या परीक्षेचा अर्ज, किंवा या तारखेनंतर मी गावी परत जाईन अशी लिहून ठेवलेली तारीख. थांबायची तारीख ठरवली की हार मानल्यासारखं होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्यासमोर बसणाऱ्यांत मला उलटंच दिसतं, तारीख लिहिल्यावर त्यांची झोप सुधारते. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत नाही, म्हणून कोणती तारीख ते मी सांगू शकत नाही. ती ठरवताना आई-वडिलांना सोबत घ्या.

आणि ते 'छान चाललंय' थांबवा, निदान एका माणसापुरतं. भावना चेहऱ्यावर येऊ न देणं फुकट होत नाही. जेम्स ग्रॉस आणि जेन रिचर्ड्स यांच्या प्रयोगांत भावना दाबून ठेवणाऱ्यांना त्या वेळी समोर घडलेलं कमी आठवलं, कारण लक्षाचा एक भाग दाबण्यात खर्च झाला. आईला सांगणं जड जात असेल तर बहिणीला सांगा. 'अभ्यासाला बसलं की घाबरायला होतं, त्यावर काम करतोय', एवढंच पुरे. तिने उपाय सुचवायची गरज नाही, हेही तिला सांगून ठेवा.

दोन आठवड्यांनी इथेच लिहा: उठावंसं वाटलं ते कितव्या मिनिटाला, धडधड उतरायला किती वेळ लागला, आणि चहा किती झाले. ईसीजी काढला असेल तर डॉक्टर काय म्हणाले तेही. पुढचं त्यावरून ठरवता येईल.